बोरसावद्याचा हरवलेला गतिरोधक

१. न पटणारी जबानी

धुळ्याहून जळगावकडे येताना पारोळे मागे पडले की महामार्गावर बोरसावदे हे लहानसे गाव लागते. सन १९८९ च्या वैशाखात, मरीमायची जत्रा उलटून दोन दिवस झाले असताना, या गावातील उखर्डू आबा नावाचे वृद्ध गृहस्थ सकाळच्या वेळी बसखाली सापडून मरण पावले. आबांची दृष्टी जवळजवळ गेलेली होती. तथापि ते कित्येक वर्षे रोज एकटेच महामार्ग ओलांडून मरीमायच्या देवळात दिवा लावण्यास जात आणि सुखरूप परत येत. काठीवाचून त्यांना दुसरा सोबती कधी लागला नव्हता.

बसचे चालक हिलाल महाजन यांस पोलिसांनी अटक केली व नंतर जामिनावर सोडले. आगाराने त्यांना चौकशी होईपर्यंत कामावरून दूर केले. एवढ्यावर भागले असते तर ती एक दुर्दैवी घटना ठरली असती. परंतु हिलाल यांनी जी जबानी दिली, तिच्यामुळे प्रकरणास निराळेच वळण लागले.

"माझी गाडी वेगात नव्हती," त्यांनी सांगितले. "त्या जागी गतिरोधक असतो. मी सुटीवरून आलो होतो, माझी ती पहिलीच फेरी. सवयीनं गाडी हळू केली. पाहतो तर गतिरोधक नाही. मला वाटलं, काढला असेल. ब्रेकवरचा पाय काढला, पण डोळे गतिरोधक शोधत खाली रस्त्यावरच राहिले. वर पाहिलं तेव्हा म्हातारा समोर होता."

यावर बोरसावद्याच्या गावकऱ्यांनी एकमुखाने सांगितले की, आमच्या गावात गतिरोधक कधीच नव्हता. रस्त्यांच्या कार्यालयानेही तोच निर्वाळा दिला. परिणामी हिलाल यांच्या माथी निष्काळजीपणाबरोबर खोटेपणाचाही डाग लागला. आता नोकरी जाणार आणि तुरुंगही टळणार नाही, हे उघड दिसू लागले.

आगाराच्या वतीने चौकशीस सुरक्षा निरीक्षक जीवराम बैसाणे यांची नेमणूक झाली. हे गृहस्थ जळगावात मेहरूण भागात राहत. अंगाने किरकोळ, बोलण्यात संथ. माणूस काय सांगतो यापेक्षा तो कोठे बसतो, कोठे उभा राहतो, याकडे त्यांचे लक्ष अधिक असे.

त्यांनी हिलाल यांना एकच प्रश्न विचारला. "गतिरोधक होता, हे सोडून दुसरं काही सांगितलंत तर कदाचित सुटाल. सांगणार का?"

"नाही."

"का?"

"होता म्हणून," हिलाल म्हणाले.

२. शिस्तीचा खड्डा

दुसऱ्या दिवशी जीवराम बोरसावद्यास उतरले. रस्त्यांच्या कार्यालयाचे शाखा अभियंता पितांबर चौधरी जीपगाडी घेऊन तेथे आधीच हजर होते. पन्नाशीचे, सुसंस्कृत, परंतु कपाळावरील घाम वारंवार पुसणारे असे ते गृहस्थ होते.

"बैसाणे, हा राष्ट्रीय महामार्ग आहे," चौधरी म्हणाले. "इथं गतिरोधक बसवायचा नाही असं वरचं धोरणच आहे. कागदावर जे नाही, ते रस्त्यावर नाही."

"धोरणात बसत नाही म्हणून नव्हता, की नव्हता म्हणून धोरण सांगता?"

"तुम्हाला तर कोर्टात वकील म्हणून पाठवायला हवं."

"तिथं सध्या माझा ड्रायव्हर चाललाय, साहेब. मी मागाहून येईन."

अपघाताच्या जागेपासून धुळ्याच्या बाजूस काही अंतर चालत गेल्यावर जीवराम थबकले. उन्हाने करड्या पडलेल्या रस्त्यावर काळ्याभोर डांबराचा एक ताजा पट्टा आडवा पसरलेला होता. त्यावर बारीक वाळू टाकलेली होती.

"हे काय?"

"खड्डा पडला होता. बुजवला."

जीवराम पट्ट्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत गेले व परत आले. "खड्डा फार शिस्तीचा निघाला, साहेब. या काठापासून त्या काठापर्यंत, दोरी लावल्यासारखा सरळ. आमच्या जळगावातले खड्डे इतके नेटके नसतात."

चौधरी हसले नाहीत. जीपगाडीत बसताना त्यांनी पुन्हा एकदा कपाळ पुसले. पट्ट्याच्या पलीकडे, जळगावच्या अंगास, रस्त्यावर तेलाचे असंख्य थेंब वाळून काळा डाग पडलेला जीवराम यांनी पाहून ठेवला. वाहनाला धक्का बसला की त्याच्या पोटातून तेल ठिबकते. सपाट रस्त्यावर इतक्या वाहनांना एकाच जागी धक्का कशाने बसला असेल?

३. उन्हातील बैठक

पट्ट्याच्या कडेला, जेथे सावलीचा लवलेशही नव्हता, तेथे तीन चपटे दगड मांडलेले होते. बाजूला एक बांबू रोवलेला असून त्यास फाटक्या लुगड्याचा तुकडा अडकून राहिलेला होता. कोणी तरी येथे पुष्कळ काळ बैठक मांडली होती आणि नुकतीच मोडली होती. त्याच ठिकाणी रस्त्याच्या धुळीत चिमण्यांचा एक थवा काही तरी टिपत होता. जीवराम यांनी खाली वाकून पाहिले, तर मातीत ज्वारीचे व गव्हाचे दाणे मिसळलेले होते. पारोळ्याच्या बाजारातून धान्याच्या मालमोटारी याच वाटेने जात.

ही बैठक कोणाची, हे शोधण्यास वेळ लागला नाही. बसथांब्याच्या लिंबाखाली द्रौपदाबाई नावाची एक प्रौढ स्त्री काकड्यांची टोपली घेऊन बसली होती आणि तेथील चहावाल्याशी जागेवरून भांडत होती. जीवराम तिच्यापुढे बसले.

"आक्का, तिकडं उन्हात तुम्हीच बसत होत्या ना?"

"बसू. तठे हवा लागे, भाऊ."

"या उन्हात?"

"उन्हनी हवा व्हती."

"आणि लिंबाखाली हवा नाही?"

"शे ना. म्हनीसन तं आठे उनू."

हवा आहे म्हणून तर इकडे आले, हे उत्तर ऐकून चहावाला हसू लागला. जीवराम मात्र हसले नाहीत. "आक्का, खिडकीतल्या माणसाला काकडी विकायची तर गाडी हळू व्हायला हवी. तिथं गाड्या हळू होत होत्या?"

"व्हयेत," ती बोलून गेली.

"कशानं?"

द्रौपदाबाईंचा हात काकडीवर पाणी शिंपडता शिंपडता थांबला. चहावाल्याने मान फिरवली. मग ती म्हणाली, "तुम्ही काकडी लेतस का उलटतपासनी करतस? दोन्ही कराना व्हई तं पह्यले काकडी ल्या."

जीवराम यांनी दोन काकड्या घेतल्या. प्रश्नाचे उत्तर मात्र मिळाले नाही. परंतु ज्या गावात गतिरोधक कधीच नव्हता, त्या गावात प्रत्येक गाडी एकाच जागी हळू होत होती, एवढे त्यांना समजले होते. आता प्रश्न असा होता की, कार्यालय का लपविते आणि गाव का लपविते? ज्या दोघांचे एरवी कधी पटत नाही, ते येथे एकाच सुरात कसे बोलतात?

४. आबांचे राखणदार

उखर्डू आबांच्या घरी दुखवट्याची माणसे नुकतीच उठून गेली होती. आबांच्या पत्नी सुंदरबाई ओट्यावर भिंतीस टेकून बसल्या होत्या. जीवराम यांनी हात जोडले आणि ते ओट्याच्या पायरीवर बसले. सुंदरबाई आपणहून बोलू लागल्या.

"लोक म्हनतस, आंधळा व्हता, गया. भाऊ, त्यास्ना कान व्हतात. घरधनी म्हनेत, मन्हा दोन राखणदार शेतस. जळगावनी गाडी उनी की नालाना फरशी पूलवर खडखडस. आनि धुळानी गाडी उनी की…"

"माय, चहा ठेव," आतून आवाज आला. सुंदरबाईंचे वाक्य अर्धेच राहिले; त्या उठून आत गेल्या.

बाहेर आलेला तरुण म्हणजे आबांचा मुलगा अभिमन. भरदार शरीराचा, परंतु डोळे जागरणाने सुजलेले. त्याच्या पायांच्या नखांत अद्याप हळदीचा पिवळेपणा होता. "चौकशी कसानी करतस?" तो म्हणाला. "मना बाप गया. त्या ड्रायव्हरले फासी व्हवाले पाहिजे. गतिरोधक नव्हता, नव्हता, नव्हता."

"एकदा सांगितलं असतं तरी चाललं असतं," जीवराम सौम्यपणे म्हणाले.

अंगणात बैलगाड्यांची रांग लागलेली होती. गाड्यांच्या धुरांवर भंडाऱ्याचे डाग होते. चाके घरंगळू नयेत म्हणून त्यांस उटीचे दगड लावलेले होते. नदीचा गोटा जसा गोल असतो, तसे हे दगड नव्हते. ते काळे होते, खालून सपाट होते व वरून फुगीर होते. एकावर चुन्याचा पांढरा पट्टा अर्धवट राहिला होता.

"जत्रेच्या गाड्या वाटतं?"

"व्हय. बारा गाड्या. यंदा मी ओढ्यात. त्याना पह्यले तीस वरीस आबांनी ओढ्यात." क्षणभर त्याच्या स्वरात अभिमान आला, आणि लगेच तो मावळला. जीवराम यांची नजर चाकाकडे वळलेली त्याने पाहिली होती.

५. मेहरूणच्या तलावाकाठी

संध्याकाळी जीवराम हिलाल यांना घेऊन मेहरूणच्या तलावाकाठी बसले. हिलाल यांनी घरचा वृत्तान्त सांगितला. त्यांची पत्नी ताईबाई म्हणत होती की, लोक खोटे बोलून सुटतात आणि तुम्ही खरे बोलून अडकता, याला काय म्हणावे?

"मला एक सांगा," जीवराम म्हणाले. "गतिरोधक ट्रकला अडवतो का?"

"नाही. उसळतो आणि जातो."

"बैलगाडीला?"

"बैल चार पाय रोवून ओढून नेतो."

"मग असा कोण आहे, की ज्याला वीतभर उंचवटाही डोंगर होईल?"

हिलाल विचारात पडले. जीवराम तलावापलीकडील रस्त्याकडे पाहत होते. त्या रस्त्यावरूनच मेहरूणच्याही बारा गाड्या निघत. एकामागे एक बांधलेल्या, माणसांनी गच्च भरलेल्या त्या गाड्या बैलांवाचून एकटा भगत कमरेला दोर बांधून ओढतो. त्याला दोन्ही बाजूंनी आधार देणारे दोन बगले तेवढे सोबत धावतात. गाड्या निघण्यापूर्वी लोक त्या वाटेवरचा खडा न् खडा वेचून काढतात, कारण पहिले चाक अडले तर मागच्या गाड्या भगताच्या अंगावर येतात. लहानपणी जीवराम यांनीही ते खडे वेचले होते.

"भगत," ते हळूच म्हणाले. "हिलालभाऊ, गतिरोधक कोणी काढला ते मला कळलं. पण तो परत का घातला नाही, हे मला गावातलं माणूस सांगू शकणार नाही. आणि जो सांगू शकेल तो सांगणार नाही."

"मग?"

"मग एका दुःखी माणसाला आणखी दुःख द्यावं लागेल. ते मला आवडत नाही."

६. डोळ्यांवरची पट्टी

दोन दिवसांनी घटनास्थळी पाहणी ठरली. पोलीस ठाण्याचे फौजदार, शाखा अभियंता चौधरी आणि बहुतेक सर्व गाव लिंबाखाली जमले. सुंदरबाईही पदर डोक्यावर घेऊन आल्या. आगाराची एक रिकामी बस धुळ्याच्या बाजूस लांब उभी करून ठेवलेली होती.

जीवराम यांनी अभिमनला रस्त्याच्या कडेला, आबा रोज जेथे उभे राहत तेथे, नेले. "अभिमनभाऊ, तुमच्या वडिलांना ऐकू कसं येत होतं, हे कागदावर लिहिता येत नाही. मला ते समजून घ्यायचं आहे. डोळ्यांवर पट्टी बांधू देता? बस येईल. तुम्ही पुढं जायचं नाही, मी तुमचा हात धरून ठेवतो. आबा असते तर या क्षणी रस्ता ओलांडला असता की नसता, एवढंच सांगत राहायचं."

अभिमनने मान हलवली. पट्टी बांधली गेली. जीवराम यांनी रुमाल हलविला आणि दूरवर इंजिनाची घरघर सुरू झाली.

"काय सांगता?"

"गाडी उनी. धुळानी बाजूनी."

"ओलांडायचं?"

"व्हय. येळ शे."

घरघर वाढत गेली. गावकऱ्यांतून कोणी तरी खाकरले. जीवराम यांनी अभिमनचा दंड घट्ट धरला.

"आता?"

"येळ शे," अभिमन म्हणाला. मान तिरकी करून, कान पुढे काढून तो उभा होता. गावातील वृद्धांनी एकमेकांकडे पाहिले. आबा अगदी असेच उभे राहत असत. "आजून धक्का कोठे उना…"

त्याच क्षणी बस त्याच्या पुढ्यातून निघून गेली. तिच्या वाऱ्याने त्याचा सदरा फडफडला. धूळ तोंडावर उडाली. अभिमन जागच्या जागी खिळून राहिला. नंतर त्याने सावकाश पट्टी खाली ओढली, आणि बस जेथून गेली होती तेथे पाहत राहिला.

फौजदारांनी टोपी काढून हातात घेतली.

"कसला धक्का, अभिमनभाऊ?" जीवराम यांनी विचारले. त्यांच्या स्वरात विजय नव्हता.

अभिमन खाली बसला. "आबांनी असंच ऐकं व्हई," तो म्हणाला. "धक्का उना नही म्हनीसन आबा निंघनात. मी उखाडा व्हता, भाऊ. मी मन्हा हाते उखाडा."

सुंदरबाई गर्दीतून पुढे आल्या आणि त्याच्या शेजारी मातीत बसल्या. त्यांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. अपुरे राहिलेले वाक्य त्यांनी आता पूर्ण केले. "धुळानी गाडी उनी की गतिरोधकवर उसळस. तो धक्का ऐकू येस नही तोवर रस्ता आपला, आसं घरधनी म्हनेत. धक्का उना की थांबेत."

७. दोन हात

जीवराम यांनी अंगणातील उटीचे दगड आणवून त्या काळ्या पट्ट्यावर मांडले. मोडलेल्या भाकरीचे तुकडे जुळावेत तसे ते एकमेकांस जुळले. वरचा चुन्याचा पट्टाही जुळला.

"दरवर्षी जत्रेच्या सकाळी गाव हा गतिरोधक उखडतं," ते म्हणाले. "वैशाखाच्या उन्हानं डांबर मऊ झालेलं असतं, पहारीनं सहज निघतं. तरी चालकांना तो वर्षभर जागेवर दिसतो, म्हणजे दरवर्षी दुसऱ्या दिवशी रस्त्याच्या मजुरांची गँग येऊन तो परत घालते. अभिमनभाऊ, यंदा गँग आली होती?"

"उनी व्हती. मी वावरमा व्हतू. डांबरना धूर दिसना. घर येईसन मी आबांस्ले सांगं, उद्या बिनघोर जा, कामवाला येल शेतस." त्याने हातातली पट्टी डोळ्यांवर दाबली.

"मग हा मुलगा एकटाच दोषी," फौजदार म्हणाले. "राष्ट्रीय महामार्ग खोदणं हा गुन्हा आहे."

"एकटा नही," द्रौपदाबाई मागून म्हणाली. "बठ्ठा गावनी उखाडा. मी टोपलीमा तुकडा वाह्यनात. लिखा मन्हं नाव." तिच्यामागे आणखी दोघे उभे राहिले, मग चहावाला, मग जवळजवळ सर्वच.

जीवराम यांनी हात वर केला. "गावानं खणला तो एका दिवसापुरता. गँग आली तेव्हा तिला कोणी तरी सांगितलं की यंदा उंचवटा करू नका, सपाट करा. ज्यानं सांगितलं त्याला आबांच्या कानाबद्दल माहीत नव्हतं. पण इथं गतिरोधक होता, हे त्याला माहीत होतं. मी त्याचं नाव घेणार नाही. ज्याचं नाव त्यानं घ्यावं."

दुपारचे ऊन डोक्यावर आले होते. पितांबर चौधरी जीपगाडीच्या दारास हात लावून उभे होते. ते निघून गेले असते तरी त्यांना कोणी अडविले नसते, कारण त्यांच्याविरुद्ध कोठे एक अक्षर लिहिलेले नव्हते. त्यांनी मातीत बसलेल्या माय-लेकाकडे पाहिले. दारावरील हात काढला आणि ते पुढे आले.

"गतिरोधक मीच करवून घेतला होता," ते म्हणाले. "इथल्या शाळेतल्या एका मुलीचा पाय गेला, तेव्हा. मंजुरी मागितली असती तर मिळाली नसती. म्हणून उरलेल्या डांबरात तोंडी हुकमानं केला. दरवर्षी गाव काढायचं, आम्ही घालायचो, कोणी कोणाला विचारत नव्हतं. यंदा वरून पत्र आलं, महामार्गाची पाहणी होणार म्हणून. जत्रेनंतर पाहिलं तर उखडलेलाच होता. मनात म्हटलं, आपोआप गेला, बरं झालं. शाळेला सुटी आहे, जूनमध्ये गाव ओरडलं की बघू. एक फलकसुद्धा लावला नाही. आणि माणूस मेल्यावर म्हणालो, नव्हताच."

"का, साहेब?" हिलाल यांनी विचारले. एवढा वेळ ते सर्वांच्या मागे उभे होते.

"नव्हता म्हटलं की जबाबदारीही नव्हती," चौधरी म्हणाले. "तुमच्याकडे पाहायचं टाळलं मी. आता लिहून घ्या, फौजदारसाहेब. जसं बोललो तसं."

जीवराम यांनी नंतर आपल्या अहवालात एक परिच्छेद जास्तीचा लिहिला. तो कोणी मागितला नव्हता. महामार्गाचे धोरण आखणाऱ्यांस रस्ता सलग व सपाट हवा असतो, आणि ते योग्यही असेल; परंतु रस्ता गावातून जातो तेव्हा गाव त्याच्याशी आपले कान, आपली जत्रा, आपली काकडीची टोपली जुळवून घेते. तेव्हा जे घालाल ते उघडपणे घाला आणि जे काढाल ते सांगून काढा. चांगले काम चोरून केले की एके दिवशी ते चोरूनच मोडावे लागते.

हिलाल यांच्यावरील खोटेपणाचा डाग पुसला गेला आणि त्यांना कामावर घेण्यात आले. पुढे न्यायालयाने त्यांना निर्दोष सोडले, तरी ते स्वतः म्हणत राहिले की, त्या वेळी माझे डोळे समोर असावयास हवे होते. अभिमनवर व गावकऱ्यांवर रस्ता खोदल्याचा खटला झाला आणि समज देऊन मिटला. चौधरींची वेतनवाढ रोखून बदली झाली. जाण्यापूर्वी त्यांनी मंजुरीसाठी स्वतः खेटे घातले आणि शाळा उघडण्याच्या आत बोरसावद्यास रीतसर गतिरोधक झाला. दोन्ही बाजूंस फलक लागले. गतिरोधक ओलांडावा लागू नये म्हणून बारा गाड्या पुढील वर्षापासून त्याच्या अलीकडूनच निघतील, असे पारावर ठरले. द्रौपदाबाई लिंबाची सावली सोडून पुन्हा उन्हात जाऊन बसली.

कामावर परतल्यानंतरची हिलाल यांची पहिली फेरी फलक लागले त्याच आठवड्यात होती. बोरसावदे जवळ आले तसे त्यांनी फलक पाहिला, गाडी हळू केली आणि या वेळी डोळे रस्त्याच्या कडेवर ठेवले. चाके उंचवट्यावर चढली व उतरली.

घरात सुंदरबाई भाकरी थापत होत्या. धक्का ऐकू आला तसा त्यांचा हात काठवटीत थांबला. त्या ओट्याच्या कोपऱ्यात उभ्या असलेल्या आबांच्या काठीकडे बघून हळूच म्हणाल्या, "थांबा. गाडी जाऊ द्या."